मी पुणे समुद्रसपाटीला नेलं तेव्हा

सव्वीस वर्षांची असताना मी अख्खं पुणे उचलून समुद्रकाठी नेऊन ठेवलं होतं. पर्वती, मंडई, कोथरूडची तेव्हाची शेतं, सगळ्यासकट. दोन आठवडे शहर तिथेच होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. मलाही नव्हता. मी हे गमतीत सांगते आहे असं वाटेल. गमतीत सांगितल्याशिवाय मला ते सांगताच येत नाही, हे त्यामागचं खरं कारण.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. ही कसली नोकरी, हे तेव्हा कुणालाच कळायचं नाही. मला बघायला आलेले एक गृहस्थ पोहे खाता खाता म्हणाले, "म्हणजे डॉक्टर नाही?" नाही. "नर्स?" नाही. "मग हॉस्पिटलात करता काय?" मी म्हटलं, "मोजते." त्यांनी पोहे संपवले आणि गेले.

पण खरंच मी मोजायचे. कॅन्सरच्या पेशंटला किरणं किती द्यायची, कुठे द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. तेवढी किरणं बरोब्बर देण्यासाठी मशीन किती वेळ चालू ठेवायची, ते फिजिसिस्ट काढून देते. आमची मशीन कोबाल्टची होती. शिशाच्या मोठ्या गोळ्यात अंगठ्याएवढा कोबाल्टचा तुकडा, त्याला आम्ही सोर्स म्हणायचो. या तुकड्याला बटण नसतं. तो दिवसरात्र किरणं सोडतच असतो. आपण फक्त त्याच्यापुढचं दार उघडतो आणि बंद करतो. दार किती सेकंद उघडं, यावर सगळा डोस. म्हणून एका मिनिटाला मशीन किती देते हे आधी अचूक माहीत हवं. त्याला आउटपुट म्हणतात, आणि ते मोजून सही करणं हे माझं काम.

मोजायचं कसं? करंगळीच्या पेराएवढी एक पोकळ टोपी असते, चेंबर. आत साधी हवा. किरणं आली की त्या हवेत वीज तयार होते, ती मीटरवर वाचायची. पण टोपीत हवा किती मावली आहे ते दिवसावर असतं. गरम हवा पातळ, थंड हवा दाट. हवेचा दाब जास्त तर टोपीत हवा जास्त, दाब कमी तर कमी. म्हणून मीटरच्या आकड्याला तापमानाची आणि दाबाची दुरुस्ती करावी लागते. एक थर्मामीटर लागतो आणि एक बॅरोमीटर. यापलीकडे वाचकांनी फिजिक्स जाणून घ्यायची गरज नाही. तेव्हा मीही यापलीकडे फारसं जाणत नव्हते, पण ते मला माहीत नव्हतं.

मी शिकले मुंबईत. जन्म, शाळा, कॉलेज सगळं पुण्याचं, पण या कामाचं शिक्षण मुंबईचं. तिथल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून खाडी दिसायची. बॅरोमीटर भिंतीवर होता आणि त्याची सुई सातशे सत्तावन्न, सातशे अठ्ठावन्न मिलिमीटरच्या आसपास रेंगाळायची. वर्षभरात ती सातशे पन्नासच्या खाली उतरलेली मी पाहिली नाही. मग पुण्याला नोकरी लागली. माझ्या आधीचे फिजिसिस्ट निवृत्त होऊन गेलेले. विभागात फिजिक्सची एकटी मी. पर्समध्ये आकडेमोडीची स्लाइड रूल, अंगावर कडक इस्त्रीची कॉटनची साडी आणि चेहऱ्यावर असा भाव की आता या शहरातली किरणं शिस्तीत येतील.

रुजू झाले त्याच महिन्यात मशीनचा सोर्स बदलायचा होता. जुना सोर्स म्हातारा झाला होता. कोबाल्टची ताकद महिन्याला साधारण एक टक्क्याने उतरते, त्यामुळे एकेका पेशंटला फार वेळ लागायचा. नवा सोर्स येऊन बसेपर्यंत मशीन बंद. पेशंट बाहेरच्या बाकावर थांबून रोज विचारायचे, कधी?

त्यांच्यात रशीदभाई होते. पन्नाशीचे, सडपातळ, रविवार पेठेत घड्याळं दुरुस्त करायचे. स्वरयंत्राचा कॅन्सर, पण लवकर सापडलेला. ऑपरेशन केलं तर आवाज जाणार, किरणं दिली तर आवाज राखून आजार जाण्याची चांगली आशा. म्हणून ते आमच्याकडे आले होते. आवाज आधीच बसून कुजबुजीवर आला होता. तरी त्या कुजबुजीत ते बाकावरच्या सगळ्यांना हसवायचे. "मी दुकानात बसतो तर गिऱ्हाईक म्हणतं, घड्याळ बोलतंय, मालक बोलत नाही."

आमच्या खोलीतला बॅरोमीटर जुना होता, पितळी, गोल डबीचा. मी पहिल्या दिवशी त्याच्याकडे पाहिलं आणि हसले. सुई सातशे बारावर! मी काच टिचकीने वाजवली. सातशे बारा. दुसऱ्या दिवशी सातशे अकरा. मी टेक्निशियन वाघमाऱ्यांना म्हटलं, "हा कधीपासून बिघडलाय?"

वाघमारे तिथे पंधरा वर्षं होते. म्हणाले, "आधीचे साहेब तर रोज यावरच लिहायचे, बाई."

"म्हणूनच," मी म्हटलं. म्हणूनच काय, ते आजतागायत मला सांगता आलेलं नाही.

खात्री करायला मी हवामानाच्या कचेरीत फोन लावला. "आजचं प्रेशर किती आहे हो? मिलिमीटरमध्ये सांगा."

पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "सातशे अठ्ठावन्न. पण बाई, हे..."

"थँक यू," म्हणून मी फोन ठेवला. मला हवा तो आकडा मिळाला होता.

मग बॅरोमीटर काढून रशीदभाईंच्या हातात दिला. तुम्ही घड्याळवाले, बाकावर नुसते बसून आहात, एवढा बघा. त्यांना काम मिळाल्याचा आनंदच झाला. दोन दिवसांनी रुमालात गुंडाळून घेऊन आले.

"बाई, यात काही खराबी नाही. उघडून बघितलं. डबी शाबूत, कमान शाबूत, दातेरी चाक साफ आहे. थोडी धूळ होती, ती काढली."

"मग सातशे बारा का दाखवतो?"

"ते तुमचं शास्त्र. मी एवढंच सांगतो, हा खोटं बोलणारा माल नाही."

"रशीदभाई, हवामान कचेरी सातशे अठ्ठावन्न म्हणते. तुमचा माल खरा की कचेरी?"

त्यांनी डबी उलटी केली. मग म्हणाले, "मागे स्क्रू आहे. फिरवला की सुई सांगाल तिथे येते. फिरवू?"

"फिरवा."

खिशातून बारीक पेचकस काढून त्यांनी माझ्यासमोर सुई सातशे अठ्ठावन्नवर आणून ठेवली. असं मी पुणे समुद्रकाठी नेलं. तेही ज्या माणसाच्या गळ्यावर दोन दिवसांनी मशीन लागणार होती, त्याच्याच हातून.

कुठे चुकले ते आता सांगून टाकते. पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. इथे दाब सातशे बाराच असतो, तोच खरा. हवामानवाले सगळ्या गावांचे दाब एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून, गाव समुद्रसपाटीला असतं तर किती आला असता, असा हिशेब करून आकडा देतात. सातशे अठ्ठावन्न हा तो आकडा. हेच ते गृहस्थ फोनवर सांगायला निघाले होते. लहानपणापासून घाटातून जाताना गाडीला मागून दुसरं इंजिन लागलेलं मी पाहत आले होते. खिडकीतून ते बघायला मिळावं म्हणून भावाशी भांडले होते. आपण वर चढतो आहोत म्हणून ते लागतं, आणि चढून जिथे पोहोचतो त्या गावाचं नाव पुणे, एवढं काही मला जोडता आलं नाही.

सोर्स आला. तो बसवायला कंपनीचे इंजिनिअर कृष्णन आले, मद्रासचे, अतिशय सभ्य. सोर्ससोबत सर्टिफिकेट होतं, एका मिनिटाला किती आउटपुट मिळावं याचं. मी मोजलं. साडेसहा टक्के कमी आलं. पुन्हा मोजलं. तेवढंच. तिसऱ्यांदा मोजलं.

टोपीत आहे त्यापेक्षा जास्त हवा आहे असं मी धरत होते, म्हणून मशीन मला अशक्त दिसत होती. मशीन ठणठणीत होती.

कृष्णन हळूच म्हणाले, "मॅडम, थोडा फरक मी समजू शकतो. हा जास्त वाटतो. बॅरोमीटर ठीक आहे ना?"

"नुकताच दुरुस्त करून घेतलाय," मी म्हटलं. मान किती ताठ होती म्हणून सांगू!

आमचे विभागप्रमुख डॉक्टर बर्वे. कमी बोलणारे. त्यांनीही विचारलं, "साडेसहा टक्के? फार होत नाही का?"

"सर, मी तीनदा मोजलंय."

तिन्ही वेळा बॅरोमीटर तोच, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही. कागदापेक्षा आपल्याकडचं मोजमाप प्रमाण मानायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. तो चांगला नियम आहे, मोजणारी शहाणी असेल तर. माझ्या आकड्यावरून केलेल्या वेळांच्या चार्टवर बर्वे सरांनी सही केली. मी त्याच दुपारी कंपनीला पत्र टाइप केलं. त्यात 'कमी ताकदीचा माल' असे शब्द होते आणि 'आमच्या संस्थेची दिशाभूल' असेही होते. कृष्णन माझ्यासमोर ते वाचून, चष्मा पुसून, स्टेशनवर गेले.

मशीन सुरू झाली. माझ्या चार्टप्रमाणे प्रत्येक पेशंटला हवी त्यापेक्षा साडेसहा टक्के जास्त वेळ. साडेसहा टक्के ऐकायला काही नाही. भाजीत मीठ तेवढं जास्त पडलं तर कळतही नाही. पण या उपचारात आजार मारणारा डोस आणि चांगली कातडी जाळणारा डोस यांच्यात अंतर फार कमी असतं. त्या अंतरात मी चौतीस माणसं ढकलली होती.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी बर्वे सर तपासणीच्या खोलीतून बाहेर आले. "रशीदभाईंचा घसा इतक्या लवकर इतका लाल व्हायला नको. आणखी दोघांचं तसंच आहे. योगायोग असेल. पण उद्या सगळं पुन्हा तपासून घ्या. सगळं म्हणजे सगळं."

शनिवारी मशीनवर पेशंट नसायचे. मी मीटर तपासला, केबल तपासली, अंतर टेपने मोजलं. सगळं जागेवर. मग थर्मामीटर घेतला. त्याची परीक्षा सोपी असते. बर्फात घातला की शून्य, उकळत्या पाण्यात शंभर. बर्फात शून्य आलं. मग पँट्रीत स्टोव्हवर पातेलं ठेवलं. पाणी खळखळा उकळायला लागलं. थर्मामीटर अठ्ठ्याण्णव.

मी वाट पाहिली. अठ्ठ्याण्णव. स्टोव्ह मोठा केला. अठ्ठ्याण्णव.

चहाच्या मावशी म्हणाल्या, "अहो बाई, उकळलं की ते. साखर टाकू का?"

"थांबा हो. शंभर होत नाहीये."

"कशाचे शंभर?"

पहिला विचार काय यावा? थर्मामीटरही बिघडला! दुसरा विचार, खडकवासल्याच्या पाण्यातच काही असेल. शपथेवर सांगते, मी धरणावर संशय घेतला. मग मात्र थर्मामीटर खाली ठेवला. दोन यंत्रं, एकमेकांशी संबंध नसलेली, दोन्ही एकाच गोष्टीची साक्ष देत होती आणि मी दोघांनाही खोटं ठरवत होते. उंचावर पाणी लवकर उकळतं, महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ लागतो, हे मला शाळेपासून पाठ होतं. परीक्षेत त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते. मावशींना स्टोव्ह बंद करायला सांगून मी पुन्हा तोच फोन लावला.

"मला पुण्याचं प्रेशर हवंय. म्हणजे इथे आत्ता जेवढं आहे तेवढं. समुद्रसपाटीला नेलेलं नको."

"सातशे बारा," तेच गृहस्थ होते. "मागे एका बाईंचा फोन आला होता, त्यांना हेच सांगत होतो. ऐकून न घेताच ठेवून दिला."

"हो का?" मी म्हटलं. "कोण असतील?"

"असतील कुणीतरी घाईच्या."

मी पुन्हा मोजलं, सातशे बारा धरून. आउटपुट सर्टिफिकेटशी तंतोतंत जुळलं.

इथपर्यंतचा मूर्खपणा मी नातवंडांना हसत सांगते. तीही हसतात. यापुढचं त्यांना कधी सांगितलेलं नाही.

खिडकीतून आवारात बर्वे सरांची स्कूटर दिसत होती. ते वर ओपीडीत होते. एक जिना चढायचा होता. मी खुर्चीत बसून राहिले. काय काय वाटलं ते आठवतं. नोकरीला दोन महिने झालेले. फिजिक्सच्या जागेवर बाई कशाला, असं निवड समितीत कुणीतरी म्हणाल्याचं कानावर आलेलं. ते पत्र. कृष्णनचा चष्मा. एक वाजता सर खाली उतरले, स्कूटरला किक मारली आणि गेले. मी सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास अजून मला ऐकू येतो.

रविवारी घरी बसून नवा चार्ट केला. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन जुन्याच्या जागी लावला. स्वतःला समजावलं की आजपासून कुणाला जास्त जाणार नाही, मग सांगून उपयोग काय? उपयोग होता. आधीच्या दहा दिवसांत जे जास्त गेलं होतं ते प्रत्येकाच्या उरलेल्या दिवसांतून वजा करायला हवं होतं, आणि ते फक्त डॉक्टर करू शकत होते. त्यांना कळल्याशिवाय ते होणार नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

वाघमाऱ्यांनी चार्ट पाहिला. "बाई, सोर्स जुना होतो तसा वेळ वाढतो ना? इथे कमी झालाय."

"चार्टवर आहे तसं द्या."

जुना चार्ट मी टोपलीत टाकला होता, तो काढून, घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

त्याच सकाळी रशीदभाईंचा नंबर आला. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी किरणं. झाल्यावर उठून बसले आणि मला हाक मारली. आवाज आणखी खाली गेला होता, वाकून ऐकावं लागलं.

"बाई, आजपर्यंत एका बाजूला शहाण्णव सेकंद असायचे. आज नव्वद. दोन्हीकडे."

"तुम्ही मोजता?"

"आत हलायचं नाही, बोलायचं नाही. मग काय करणार? चाळीस वर्षं सेकंद ऐकतोय."

त्या क्षणी मी काहीही बोलू शकले असते. डॉक्टरांना विचारून सांगते, एवढंही पुरलं असतं. मी हसले आणि म्हणाले, "तुमचं वजन उतरलंय ना, गळा बारीक झालाय. म्हणून वेळ कमी लागतो."

किती सफाईदार! शास्त्राला धरून! जाड माणसाला वेळ जास्त, बारीक माणसाला कमी, हे खरंच असतं. रशीदभाईंनी मान हलवली. "असं होय. मशीनला बरोबर कळतं म्हणायचं."

मंगळवारी ते आले, झाले, गेले. बुधवारी आले ते सरळ सिस्टरच्या वजनकाट्यावर जाऊन उभे राहिले. डोळे सुजलेले. मला खुणेने बोलावलं.

"बघा बरं वाढलं का. तुम्ही म्हणालात उतरलंय, मी घरी सांगितलं. बायकोने दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वाट्या लापशी घातली. घोट खाली जाताना..." पुढचं त्यांनी हातानेच दाखवलं. घशातून सुरी उतरावी तसा हात.

लाल झालेल्या घशाने कुणी चमचाभर पाणीही आनंदाने गिळत नाही. आणि तो घसा लाल का, ते मला माहीत होतं.

सिस्टरनी काटा बघितला, मग त्यांच्या कार्डाचं पहिलं पान. "पहिल्या दिवशी अठ्ठावन्न किलो, आज अठ्ठावन्न किलो. तुमचं वजन उतरलेलंच नाही चाचा. कोणी सांगितलं?"

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बंद पडलेलं घड्याळ उघडून आत बघतात तसं.

मी जिना चढले. दाराशी वाघमारे उभे होते. खिशातली जुन्या चार्टची घडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "आत लागेल तुम्हाला."

बर्वे सरांनी मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी संपवल्यावर विचारायला लागले.

"किती पेशंट?"

"चौतीस."

"किती दिवस?"

"दहा."

"तुम्हाला कळलं कधी?"

"शनिवारी."

"आज वार कोणता?"

"बुधवार."

त्यांनी माझ्या हातातला जुना चार्ट उघडून आपली सही पाहिली. मग म्हणाले, "प्रेशरची चूक मी माझ्या नावावर घेतो. चार्टवर सही माझी आहे, मीही विचारलं नाही. शनिवार ते बुधवार कुणाच्या नावावर घालू?"

मी रडायला लागले. "ते नंतर," सर म्हणाले. "आधी फाइली आणा."

संध्याकाळपर्यंत आम्ही चौतीस फाइली पाहिल्या. ज्यांचे दिवस उरले होते, त्यांच्या पुढच्या डोसातून जास्तीचं वजा केलं. सरांनी एकेकाला बोलावून सांगितलं. चौघांचे उपचार त्या दोन आठवड्यांत पूर्ण झाले होते, त्यांना पत्रं गेली. त्यांच्यात हडपसरच्या एक आजी होत्या, छातीवरची कातडी सोलवटलेली. मी सरांबरोबर त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला चहा केला. कातडी महिन्याभरात भरली, पण तो चहा मला अजून गिळता आलेला नाही. बाकी कुणाला कायमची इजा झाली नाही. हे माझं नशीब, कर्तबगारी नव्हे.

नोकरी गेली नाही. सरांनी सगळं वर लेखी कळवलं, मला लेखी समज मिळाली आणि ती फाइलमध्ये राहिली. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला की आउटपुट दोन माणसांनी, दोन वेगळ्या यंत्रांनी मोजायचं, आणि दुसऱ्याने पहिल्याचा आकडा आधी बघायचा नाही. कृष्णनना मी माफीचं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. सोर्स समाधानकारक चालतो आहे हे वाचून आनंद झाला, आणि आपण पहिल्या नाही आहात. पहिली नसल्याने बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं.

पुढे तीस वर्षं मी नव्या मुलामुलींना शिकवलं. त्यांना सांगायचे, यंत्र आणि तुम्ही यांच्यात भांडण झालं तर आधी स्वतःला उघडून बघा. त्यांना वाटायचं बाई विनोद करतायत.

रशीदभाईंचा उपचार ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला. आवाज पुष्कळसा परत आला, दुकानात भाव करण्याइतका नक्कीच. मी जिना चढले त्या बुधवारी, फाइली घेऊन बसायच्या आधी, सर मला घेऊन खाली त्यांच्यापाशी गेले होते. "मी बाजूला उभा राहतो. सांगायचं तुम्ही." मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. बॅरोमीटर, शहाण्णव सेकंद, शनिवार, आणि वजनाचं खोटं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग घसा दाबून, एकेक शब्द वेगळा काढत ते मला म्हणाले,

"बाई, मशीनची चूक मला कळत नाही. सुई तर मीच फिरवली, त्याचं मी तुम्हाला काही म्हणणार नाही. पण माझं वजन उतरलं ऐकून माझी बायको दोन दिवस चुलीपाशी रडत लापशी ढवळत होती. आता घरी जाऊन मी तिला काय सांगू, तेवढं तुम्ही मला सांगा."